महाधमनीचं तातडीचं ऑपरेशन झाल्यावर फुप्फुसांची काळजी: आयसीयूतल्या पहिल्या रात्रीपासून घरच्या दोन महिन्यांपर्यंत

हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा, म्हणजे महाधमनीचा, आतला पापुद्रा फाटतो, त्या फटीतून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं आणि माणूस छातीत किंवा पाठीत सुरी खुपसल्यासारखं दुखतंय म्हणत खाली बसतो. याला डिसेक्शन म्हणतात. फट हृदयालगतच्या चढत्या भागात असली की तो ‘टाइप ए’, आणि तिथे नुसत्या औषधांवर भागत नाही. ऑपरेशन न केल्यास पहिल्या 48 तासांत दर तासाला मृत्यूचा धोका साधारण 1 ते 2 टक्क्यांनी चढत जातो. म्हणून रात्री दोन वाजताही थिएटर उघडावं लागतं.

सहा, आठ, कधी दहा तासांनी सर्जन बाहेर येतात. ग्राफ्ट (कृत्रिम नळी) बसला, रक्तस्राव आटोक्यात आहे, असं सांगतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत आयसीयूचे डॉक्टर म्हणतात, “ऑक्सिजन अजून पुरत नाहीये, व्हेंटिलेटर आज काढता येणार नाही.” हे वाक्य या ऑपरेशननंतर बऱ्याच कुटुंबांना ऐकावं लागतं. त्यामागे काय चाललेलं असतं, कोणत्या टप्प्यावर काय करायचं आणि कुठे चुकतं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. औषधांचे डोस आणि मशीनची सेटिंग्ज उपचार करणारी टीमच ठरवते. इथले आकडे ती टीम काय बोलते आहे हे कळण्यासाठी आहेत.

दुखणं महाधमनीचं, मग फुप्फुसं का बिघडतात?

पहिलं कारण ऑपरेशनच्या आधीच सुरू झालेलं असतं. फाटलेली भिंत आणि तिच्यात साकळलेलं रक्त यांना शरीर मोठी जखम समजतं आणि दाह पेटतो. या दाहात फुप्फुसांच्या केशवाहिन्या झिरपायला लागतात. कित्येक रुग्णांचा ऑक्सिजन थिएटरमध्ये जाण्याआधीच कमी असतो.

दुसरं कारण थिएटरमधलं. हार्ट-लंग मशीन चालू असताना फुप्फुसं जवळजवळ सुट्टीवर असतात. त्यांच्यात हवा नीट खेळवली जात नाही आणि मुख्य रक्तप्रवाह त्यांना वळसा घालून जातो. महाधमनीच्या कमानीचं, म्हणजे वरच्या वळणाचं, काम असेल तर शरीर बऱ्याचदा 20 ते 28 अंशांपर्यंत थंड करतात. मग मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देऊन बाकी शरीराचा रक्तप्रवाह काही मिनिटं थांबवतात. नंतर रक्त परत सोडलं की उपाशी राहिलेल्या ऊतींमध्ये दाहाची दुसरी लाट येते. मशीनच्या प्लास्टिकला रक्त लागतं, त्यानेही दाह वाढतो.

तिसरं कारण रक्ताच्या पिशव्या. या ऑपरेशनमध्ये रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट्स, क्रायो (रक्त गोठवणारे घटक) असं सगळं भरपूर लागतं, आणि ते दिल्याशिवाय गत्यंतर नसतं. पण पिशवी दिल्यावर सहा तासांच्या आत दोन प्रकारे त्रास होऊ शकतो. एकात शरीरात द्रव जास्त होऊन फुप्फुसात पाणी भरतं. दुसऱ्यात दात्याच्या प्लाझ्मामधल्या प्रतिपिंडांमुळे फुप्फुसाच्या केशवाहिन्या गळू लागतात. दोन्हींचा एक्स-रे जवळपास सारखा दिसतो. पहिल्यात लघवी वाढवणारं इंजेक्शन चांगलं काम करतं, दुसऱ्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि बीपी पडण्याची भीती असते. म्हणून त्या रात्री डॉक्टर पुन्हापुन्हा सोनोग्राफी मशीन ओढत आणतात ते उगाच नव्हे.

यावर धूम्रपान, दमा, स्थूलपणा, वय आणि थकलेल्या किडन्या यांचा भार पडतो. विडी-सिगारेटचा इतिहास नातेवाईक लाजून लपवतात. लपवू नका. दिवसाला किती आणि किती वर्षं, हे पहिल्याच दिवशी सांगा. जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) असेल तर ऑक्सिजनचं उद्दिष्टच बदलतं.

कोणत्या दिवशी कोणतं कारण

पहिल्या सहा तासांत ऑक्सिजन अचानक घसरला तर आधी यांत्रिक कारणं बघतात. श्वासनळीतली नळी खोल सरकून उजव्या फुप्फुसात गेली का? तसं झालं की डावं फुप्फुस मिटतं. फुप्फुसाभोवती हवा साठली का? रक्त साठलं का? छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, तुंबला का? मग रक्तपिशव्यांची प्रतिक्रिया.

पहिला ते तिसरा दिवस दाहाचा. बहुतेकांचा ऑक्सिजन याच काळात सर्वांत वाईट असतो. सोबत डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला असतो, कारण माणूस उताणा झोपलेला, छातीचं हाड कापलेलं, आणि हृदयाचा भार त्याच बाजूला.

तिसऱ्या दिवसानंतर ताप, पिवळा-हिरवा घट्ट कफ आणि एक्स-रेवर नवा डाग दिसला तर न्यूमोनियाचा संशय घेतात. व्हेंटिलेटरवर 48 तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाचं नाव वेगळं आहे, जंतूही वेगळे आणि जास्त चिवट असतात. म्हणून अँटिबायोटिक बदलण्याआधी कफाचा नमुना जंतू ओळखण्यासाठी कल्चरला पाठवतात.

आठवड्यानंतर छातीत पाणी, पायातून आलेली रक्ताची गुठळी किंवा हृदयाभोवती हळूहळू साठणारं द्रव. हे शेवटचं फुप्फुसाचं दुखणं नाही, पण दम लागूनच समोर येतं आणि म्हणूनच फसवतं.

मॉनिटरवरचा 97 फसवा असतो

भेटीच्या पाच मिनिटांत सगळे मॉनिटरकडे बघतात. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 97 दिसलं की बरं वाटतं. पण तो 97 किती टक्के ऑक्सिजन देऊन आला आहे, हा खरा प्रश्न. आपण श्वासात घेतो त्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. व्हेंटिलेटर 100 टक्क्यांपर्यंत देऊ शकतो.

डॉक्टर एक साधा भागाकार करतात. धमनीतल्या रक्ताच्या एबीजी तपासणीत ऑक्सिजनचा दाब मिळतो, त्याला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. निरोगी माणसात दाब 95 आणि प्रमाण 0.21, म्हणजे उत्तर साधारण 450. आता सोमवारी दाब 90 आणि ऑक्सिजन 60 टक्के, म्हणजे 150. बुधवारी दाब 80 आणि ऑक्सिजन 35 टक्के, म्हणजे जवळपास 229. वरवर बघता दाब कमी झाला, प्रत्यक्षात फुप्फुस सुधारलं. 300 च्या खाली सौम्य, 200 च्या खाली मध्यम आणि 100 च्या खाली गंभीर, अशी एआरडीएसची, म्हणजे दाहाने फुप्फुसं निकामी होऊ लागण्याची, वर्गवारी आहे. त्यासोबत दोन्ही फुप्फुसांत धूसर डाग आणि किमान 5 पीप लागतं. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, ज्यामुळे हवेचे फुगे मिटत नाहीत.

म्हणून “व्हेंटिलेटर कधी काढणार?” असं रोज विचारण्याऐवजी एवढं विचारा: आज ऑक्सिजन किती टक्के, पीप किती, कालपेक्षा कमी की जास्त? चोवीस तासांत शरीरात गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी किती? उत्तरं वहीत तारीखवार लिहा. प्रश्न विचारायला घरातला एकच माणूस ठेवा. सकाळी काका, दुपारी मेहुणे, संध्याकाळी मुलगा असे तिघे तीन डॉक्टरांकडून तीन वाक्यं आणतात आणि रात्री घरात भांडण होतं.

अजून एक बारकावा याच दुखण्याचा. डिसेक्शन हाताकडे जाणाऱ्या धमनीत शिरलं असेल तर त्या हाताचं बीपी खोटं कमी दिसतं आणि बोटावरचं सॅच्युरेशनही नीट पकडत नाही. ड्युटी बदलताना दोन्ही हातांचं बीपी घेऊन कोणता हात विश्वासाचा, ते पलंगाच्या चार्टवर ठळक लिहावं. प्रोब कानाच्या पाळीला लावून ताडून बघावं. हे एक पान लिहिलेलं नसलं की रात्रपाळीत बीपीची औषधं चुकीच्या आकड्यावर वाढवली जातात.

व्हेंटिलेटरवर असताना

फुप्फुसं सुजलेली असताना त्यांना जास्त फुगवलं की ती आणखी फाटतात. म्हणून दर श्वासाला दिली जाणारी हवा रुग्णाच्या वजनावर ठरवत नाहीत, उंचीवर ठरवतात, कारण माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. पुरुषासाठी सूत्र असं: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिच्यातून 152.4 वजा करा, उत्तराला 0.91 ने गुणा आणि 50 मिळवा. स्त्रीसाठी 50 च्या जागी 45.5. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबी वजन साडेएकसष्ट किलो येतं, प्रति किलो 6 ते 8 मिली म्हणजे श्वासाला 370 ते 490 मिली. त्याचं खरं वजन 90 किलो असेल आणि कोणी त्यावरून हिशेब केला तर 720 मिली जातील. आणीबाणीत दाखल झालेल्या माणसाची उंची मोजायची राहून जाते, मग अंदाजाने टाकतात. टेप घेऊन झोपलेल्या स्थितीत मोजा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. श्वासाच्या शेवटी मोजलेला प्लॅटो दाब 30 च्या आत ठेवायचा, पीप सहसा 5 ते 10.

बाकीची कामं नर्सिंगची, आणि न्यूमोनिया टळतो तो बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर. नळीच्या फुग्याचा दाब मीटर लावून 20 ते 30 सेंटिमीटर पाणी इतका, हाताने दाबून बघून अंदाज नको. दात ब्रशने घासणं. झोपेचं औषध रोज कमी करून रुग्ण जागा होतो का, हे पाहणं. सक्शन घड्याळ बघून नको, कफ वाजतोय, दाब वाढलाय तेव्हाच, आणि एका वेळी 15 सेकंदांच्या आत.

इथे महाधमनीच्या रुग्णाची स्वतःची अडचण येते. सक्शनच्या ठसक्याने बीपी उसळतं आणि ताजे टाके ताणले जातात. या दिवसांत वरचं बीपी बहुधा 100 ते 120 च्या दरम्यान राखायचं ठरलेलं असतं. म्हणून सक्शनआधी वेदनाशामक, पूर्ण ऑक्सिजन आणि बीपीवर एक डोळा. पण ठसक्याच्या भीतीने कफ आतच ठेवला तर तो सुकून नळीत बूच बसतं. दोन्हींचा तोल राखावा लागतो, आणि तो अनुभवी सिस्टर नळीच्या आवाजावरून सांगतात.

ऑक्सिजन तरीही पुरत नसेल तर पुढच्या पायऱ्या असतात. आधी शरीरातलं जास्तीचं पाणी काढणं आणि पीप तपासून वाढवणं. मग पालथं झोपवणं, रोज साधारण 16 तास. छातीचं हाड नुकतं जोडलेलं असूनही जागोजागी गाद्या लावून अनुभवी टीम हे करते, आणि त्याला पाच-सहा माणसं लागतात. काही ठिकाणी नायट्रिक ऑक्साइड वायू देतात. शेवटची पायरी एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं मशीन.

सात ते दहा दिवसांत नळी निघण्याची चिन्हं नसतील तर गळ्यात छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी सुचवतात. ऐकून घरचे हादरतात. खरं तर त्यानंतर झोपेचं औषध कमी लागतं, तोंड मोकळं राहतं, रुग्ण खुर्चीत बसू शकतो. बहुतेकांची ती तात्पुरती असते. छातीच्या जखमेला गळ्यातला कफ लागू नये म्हणून दोन्ही ड्रेसिंग्ज वेगळी आणि कोरडी राहिली पाहिजेत, यावर मात्र लक्ष ठेवा.

नळी निघाल्यावरचे चोवीस तास

नळी काढण्याआधी रुग्ण जागा हवा, हात दाबण्यासारख्या सूचना पाळणारा हवा, ऑक्सिजन 40 टक्के किंवा कमी, बीपी स्थिर. मग 30 मिनिटं ते दोन तास स्वतःच्या श्वासावर ठेवून चाचणी. नंतर हाय फ्लोच्या जाड नळीतून मिनिटाला 40 ते 60 लिटर ऊबदार, ओलसर हवा, किंवा दाबाने हवा देणाऱ्या बायपॅपचा मास्क.

या चोवीस तासांतली सर्वांत घातक चूक प्रेमापोटी होते. घसा कोरडा पडलेला माणूस पाणी मागतो, आणि भेटायला आलेलं कोणीतरी आयामावशींची नजर चुकवून घोटभर नारळपाणी पाजतं. डाव्या स्वरतंतूकडे जाणारी नस महाधमनीच्या कमानीखालून वळून वर जाते. कमानीचं काम करताना ती दुखावली जाऊ शकते. मग आवाज घोगरा आणि फुसका येतो, स्वरतंतू नीट मिटत नाही, आणि प्यायलेलं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. म्हणून गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही नाही. ओठ ओल्या कापसाने पुसा, एवढंच. चाचणीनंतरही पातळ पाण्यापेक्षा मऊ वरणभात, दाटसर पेज, दही आधी सोपं जातं. ताठ बसवून, हनुवटी छातीकडे, लहान चमचा, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास ताठच. जेवल्यावर आवाज ओला, गुळगुळीत येत असेल किंवा दर घासाला ठसका लागत असेल तर थांबा आणि सांगा.

श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची, नसही कधी मंदावते. असा रुग्ण बसून ठीक असतो, आडवा झाला की गुदमरतो. सोनोग्राफीत पटल हलत नाही हे दिसतं. बहुधा आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, तोवर डोकं उंच ठेवूनच झोप.

वॉर्डातला श्वासाचा व्यायाम

इथून पुढे डॉक्टरांइतकंच काम रुग्णाचं आणि घरच्यांचं. तीन निळ्या-पांढऱ्या गोळ्यांचं खेळण्यासारखं दिसणारं स्पायरोमीटर हातात देतात आणि बरेच जण तिन्ही गोळ्या धाडकन वर उडवून खूश होतात. त्याने फुप्फुसाचा तळ उघडत नाही. पद्धत अशी.

1. दुखण्याचं औषध दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने सुरुवात करा. दुखत असताना कोणीच खोल श्वास घेत नाही.
2. खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला ताठ बसवा, पाय जमिनीवर टेकलेले. लोळून हा व्यायाम होत नाही.
3. श्वास नेहमीसारखा सोडा. नळी ओठांत घट्ट धरा. नाकाने श्वास जात असेल तर नाक चिमटीत.
4. हळूहळू आत ओढा. पहिली गोळी वर जाऊन टिकली पाहिजे, दुसरी आली तर छान, तिसरीच्या मागे लागू नका. 3 ते 5 सेकंद धरा.
5. नळी काढून सावकाश सोडा. दोन साधे श्वास घेऊन परत. जागेपणी दर तासाला 10 वेळा. चक्कर आली तर थांबा, वेग जास्त होतोय.
6. मग खोकला. घट्ट गुंडाळलेला टॉवेल किंवा छोटी उशी छातीच्या हाडावर दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी दाबा. आधी काचेवर वाफ सोडतो तसे ‘हाss’ करत दोन-तीन जोरकस उच्छ्वास, कफ वर आला की एकच नेमका खोकला. सलग उबळ नको, तिने बीपी चढतं.

दर तासाची आठवण कोण देणार, हे आधी ठरवा. मोबाइलचा गजर लावला तरी चालतो. रात्री झोपू द्या.

चालणं हा खरा व्यायाम. पहिल्या-दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला, मग खुर्चीत, मग वॉर्डात दिवसातून तीन-चार फेऱ्या. पलंगावरून उठताना हातांवर जोर देऊन उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि वॉर्डबॉय मामांनी पाठीमागून आधार द्यायचा. काखेत हात घालून ओढलं तर छातीच्या तारा ताणतात.

ड्रेनची बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली. चालतानाही गुडघ्याच्या उंचीवर धरा, कधीच वर उचलू नका, नळी मुडपू नका, स्वतः पिळू नका. तासाला 200 मिलीपेक्षा जास्त लालभडक रक्त येत असेल तर लगेच कळवा. त्याहून भयंकर म्हणजे येत असलेला ड्रेन अचानक बंद होऊन बीपी पडू लागणं. रक्त आतच साकळून हृदयाला आवळत असतं. ड्रेन निघाल्यावर डाव्या बाजूला पाणी साठणं सर्रास आढळतं. थोडं असेल तर लघवीच्या औषधाने जातं. जास्त असून दम लागत असेल तर सोनोग्राफीच्या मदतीने काढतात, एका वेळी सहसा एक ते दीड लिटरच्या आत, कारण मिटलेलं फुप्फुस एकदम फुगलं तर पुन्हा पाणी धरतं. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सुई घालण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, बघून घेतात.

घरी सोडण्याआधी हातात काय हवं

डिस्चार्ज कार्डावर ग्राफ्ट कोणत्या भागात, झडप बदलली का, महाधमनीचा फाटलेला भाग पुढे शिल्लक आहे का आणि बीपीचं उद्दिष्ट किती, हे लिहून घ्या. शेवटच्या एक्स-रेची प्रत आणि सीटीची सीडी घ्या. बसून आणि वॉर्डात चालवून, दोन्ही वेळचं सॅच्युरेशन मोजून मागा. बसून 95 असलेला माणूस पन्नास पावलांत 86 वर येत असेल तर त्याची घरची तयारी वेगळी लागते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटा, शेवटच्या दिवशी नको.

घरी ऑक्सिजन लागणार असेल तर पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आणि वीज गेल्यास भरलेला सिलिंडर. दोन्हीपासून गॅसची शेगडी, देवघरातली समई आणि उदबत्ती किमान दहा फूट लांब. वनरूम किचनमध्ये हे अवघड जातं, तेव्हा काही महिने निरांजनाऐवजी विजेचा दिवा लावा. मशीनचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा, बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं आणि रोज बदललेलं हवं. सीओपीडी असलेल्यांना सॅच्युरेशन 88 ते 92 दरम्यानच ठेवायला सांगतात. त्यांचा फ्लो मनाने वाढवू नका, कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते.

रोज सकाळी एकाच वेळी चार नोंदी: सॅच्युरेशन, नाडी, ताप, वजन. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, बोट गरम करा, नेलपॉलिश आणि मेंदी नसलेलं बोट निवडा, आकडा स्थिरावायला अर्धा मिनिट द्या. वजन एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगात धरलेलं पाणी. पापड, लोणचं, फरसाण बंद करूनही वाढत असेल तर फोन करा.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागातली हवा आणि रस्ते

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला घोडबंदर रोडवर किंवा तळोजा औद्योगिक वसाहतीच्या बाजूला फिरायला जाऊ नका. थंडीत धूळ आणि धूर जमिनीलगत अडकून राहतात. नऊनंतर, ऊन पडल्यावर निघा. ठाण्यात उपवन किंवा तलावपाळीचा सपाट रस्ता, नेरूळला होल्डिंग पाँडची पायवाट, वाशीत सागर विहार, अशा बसायला बाक असलेल्या जागा बघा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. पावसाळ्यात सोसायटीची लॉबी चालेल, पण ओले कपडे रुग्णाच्या खोलीत वाळत घालू नका आणि भिंतीवरची बुरशी दुसऱ्या कोणीतरी पुसून काढा.

जुन्या सिडको इमारतींत लिफ्ट नसते. एक मजला चढा, वळणावर थांबा, श्वास शांत झाला की पुढचा. चौथ्या मजल्यावर घर असेल तर पहिले पंधरा दिवस खाली उतरण्याची वेळ फक्त दवाखान्यापुरती ठेवा.

लोकल आठ आठवडे नको. गर्दीचा रेटा हा एक भाग झाला, पण वरची कडी धरून लटकलं की छातीच्या हाडावर थेट ताण येतो, हे कोणी लक्षात घेत नाही. दुचाकी तर तीन महिने तरी नकोच. रिक्षात बसताना उशी छातीशी धरा, खड्डे काही आपल्या हातात नाहीत. दोन महिने दोन-तीन किलोपेक्षा जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची कळशी नाही आणि नातवंडही नाही.

घरात कासवछाप अगरबत्ती, धूप, विडी बंद. मिश्रीही, तिच्यातही तंबाखूच असतो. सुक्या मिरचीची फोडणी देताना रुग्णाला बाहेरच्या खोलीत बसवा, त्या ठसक्याने बीपी क्षणात चढतं. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस कधी घ्यायची, हे पहिल्या भेटीत विचारून घ्या. सीटी अँजिओ बहुधा एक, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. एक महिन्याच्या सीटीत छातीतलं पाणीही दिसतं, म्हणून ती टाळू नका.

वाट बघायची नाही अशी वेळ

बसल्या जागी सॅच्युरेशन 92 च्या खाली, किंवा डॉक्टरांनी आखून दिलेल्या आकड्याच्या खाली. अचानक धाप. एका पोटरीला सूज आणि दुखणं. गुलाबी फेसाळ कफ. 38 अंशांवर ताप. खोकताना छातीचं हाड कटकट वाजणं किंवा जखमेतून स्राव. आडवं होता येत नाही, मानेच्या शिरा फुगल्या, बीपी उतरलं, आणि माणूस वॉर्फरिनवर आहे: ही हृदयाभोवती द्रव साठल्याची चिन्हं आहेत, पहिल्या काही आठवड्यांत विशेष जपायची. पाठीत पुन्हा फाटल्यासारखी कळ, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं.

अशा दुखण्यात शेजारी हमखास जिभेखालची गोळी किंवा डिस्प्रिन पुढे करतात. देऊ नका. महाधमनी पुन्हा फाटत असेल तर डिस्प्रिनने रक्त पातळ होणं घातक ठरतं. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही विचारल्याशिवाय नाही, किडनीला आणि रक्तस्रावाला दोन्हीकडून त्रास.

आपल्या घराजवळ रात्री सीटी आणि हृदयाचे सर्जन कुठे मिळतात, हे घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी फोन करून विचारून ठेवा. संध्याकाळी सातला घोडबंदरवरून किंवा विटाव्याहून निघून कुठे वेळेत पोचता येईल, हे शांतपणे आधीच ठरवा. 108 ला फोन करताना पहिलं वाक्य असं बोला: “महाधमनीचं ऑपरेशन झालेला रुग्ण आहे, श्वास लागलाय, ऑक्सिजन असलेली ॲम्ब्युलन्स पाठवा.” मग पत्ता, जवळची खूण, मजला आणि लिफ्ट आहे की नाही. गाडी येईपर्यंत रुग्णाला ताठ बसवा, तोंडाने काही देऊ नका, आणि डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, सीटीची सीडी असलेली पिशवी दाराशी काढून ठेवा.